शुभेच्छुकांच्या दुसऱ्या ओळीत मी

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा तुम्हीच विचारलं होतं, वाटेत चार्जिंग संपलं तर काय करशील. आज संपलं. पण दोष गाडीचा नाही.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आज नगरला डॉक्टरांनी डोळा तपासायला बोलावलं होतं. पुणतांब्यात कालपासून लाईट नाही, म्हणून कोल्हारच्या चार्जिंग पॉइंटच्या भरवशावर निघालो.

पोचलो तर मशीनच दिसेना. पुढ्यात वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स, आणि त्याचे बांबू थेट मशीनलाच आवळून बांधलेले. मी दोरी सोडायला लागलो तसा शेजारचा चहावाला धावत आला.

"सर, हात नका लावू. उद्या दादांचा वाढदिवस हाय."

"मला फक्त गाडी चार्जिंगला लावायचीय."

"आवो, तुमीच हाय की यात. सोताचाच फ्लेक्स सोडता व्हय?"

वर बघितलं. शुभेच्छुकांच्या दुसऱ्या ओळीत मी, छान हसतोय. तालुक्याच्या ग्रुपवर फोटो मागितले होते, तेव्हा वाईटपणा कशाला घ्या म्हणून मीच पाठवला होता.

आताही तेच केलं. गाठ होती तशीच राहू दिली.

ऊन मी म्हणत होतं. आईला त्याच फ्लेक्सच्या सावलीत बसवून एसटीची वाट बघत राहिलो. डॉक्टरांची वेळ कधीच टळून गेली होती. काळा चष्मा सावरत आईनं वर बघितलं, पण तिला काही नीट दिसेना.

"कोणाचे रे एवढे फोटो?"

"आपल्या ओळखीचं कुणी नाही," मी म्हणालो.