जावयाच्या हातचं मीठ

सासुरवाडीत वांग्याच्या भरतात मीठ घालायचा माझा हक्क काढून घेतलाय. ठराव एकमताने झाला. त्यात माझंही मत होतं.

मला फिटचा त्रास. नव्या गोळीने दोन वर्षं फिट आली नव्हती आणि माझी बायको, सुनंदा, कुठे निवांत झोपू लागली होती. "मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं, तर लगेच या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला मळमळायला लागलं. मी काय केलं? गोळी उष्ण पडतेय, असं स्वतःच ठरवलं आणि पाणी सुरू केलं. केळीच्या बागेला सोडतात तसं! (तेही ऐन थंडीत!)

अशा अवस्थेत मी नशिराबादची हिरवी वांगी घेऊन धुळ्याला, सासऱ्यांच्या मळ्यात गेलो. जळगावच्या जावयाने धुळ्यात भरीत करायचं म्हणजे इज्जतीचा सवाल! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, ठेचली, मीठ घातलं. मग वाटलं, मीठ राहिलंच की, घातलं. पुन्हा वाटलं...

पहिल्या घासाला अख्ख्या पंगतीचे हात पाण्याकडे. सासरे, म्हणजे आबा, तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "जवाईबापू, बठ्ठं मीठ याम्हाच टाकी दिन्हं का?"

सगळं मीठ? मी चाखलं. "मला तर अळणीच लागतंय, आबा!"

सगळे हसले. सुनंदा सोडून. "अहो, आज वार कोणता?"

"भरीत," मी म्हणालो.

तिचा चेहराच उतरला. "आबा, गाडी काढा. फिट परत येतेय यांना!"

दवाखाना येईपर्यंत आबांनी माझ्या नाकाला कांदा लावून ठेवला. (भरताबरोबर खायचा होता, तोच!)

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार उतरलंय. या गोळीने होतं कधीकधी. उरलंसुरलं यांनी पाणी पिऊन धुऊन टाकलं!"

"मग गोळी बंद?" सुनंदा घाबरली.

"मनाने मुळीच नाही! हळूहळू बदलू. वेळेवर आणलंत."

चार दिवस मुक्काम, नवी गोळी, पाणी मोजून.

यंदा मळ्यात भरीत सुनंदाने केलं. एक घास खाऊन मी भीतभीत म्हणालो, "मीठ जरा जास्त झालंय गं."

आबांनी चाखलं. मान डोलावली. सुनंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी! "बरे झालात हो!"

पंचवीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकाला नाव ठेवल्यावर तिला आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ. मला चेव आला. "भाकरीही करपलीय!"

"एवढंही बरं व्हायची गरज नाही," म्हणत तिने ताटातला कांदा उचलला.

मी मुकाट्याने करपलेली भाकरी संपवली. वर आणखी एक मागून घेतली.