लवंगी मॅडम

उत्तर बरोबर आलं की लवंगी मॅडम जास्त चिडायच्या. "आलं कसं, ते सांग," म्हणायच्या. कुणी नुसतं सूत्र म्हणून दाखवलं की खडू टेबलावर आपटायच्या. बुटक्या आणि फटकन फुटणाऱ्या, म्हणून मुलांनी ठेवलेलं ते नाव. जुईनगरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या गणित शिकवत.

"बारावी पाठ करून सुटाल," त्या बजावायच्या, "पण पुढे डिग्रीला पाठांतर कामाला येत नाही. तिथे 'का' विचारतात." लिमिटची एक व्याख्या त्यांनी आठवडाभर शिकवली. पोर्शन मागे पडला.

आम्ही बारावीत गेलो आणि कॉलेजने एका क्लासवाल्यांशी टायअप केलं. ते शॉर्टकटच्या पुस्तिका घेऊन आले. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, आम्हाला मार्क पाहिजेत. गणित नको." सगळे हसले. प्राचार्यही हसले. पुढच्या आठवड्यात मॅडमचे तास काढून घेऊन त्यांना लायब्ररीत बसवलं. त्यांनी राजीनामा दिला. कुणी अडवलं नाही. ते हसणं आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

माझे पप्पा दिघ्याला कंपनीत फिटर. त्यांनी कमिटीला विचारून आमच्या विहाराचा हॉल मिळवला. रविवारी मॅडम तिथे शिकवायला यायच्या. माझी मैत्रीण प्राजक्ता मात्र आली नाही. "परीक्षेत नाही ते कशाला? उगाच टेन्शन," म्हणाली. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

बी.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच वर्गात. सरांनी पहिल्याच तासाला सिद्धता लिहायला सांगितली. मला जमली. प्राजक्ता कोऱ्या कागदाकडे बघत बसली. "माझ्यात डोकंच नाही गं," म्हणत तिने वर्षाच्या आत कॉलेज सोडलं. तिला फसवणारे क्लासवाले मात्र नव्या बॅचच्या जाहिराती करत होते.

मी युनिव्हर्सिटीत पहिली आले तेव्हा त्यांनी सानपाड्याला फ्लेक्स लावला. माझा फोटो, खाली क्लासचं आणि आमच्या ज्युनिअर कॉलेजचं नाव. मी तडक जुईनगरच्या प्राचार्यांकडे गेले.

"फोटो उतरवा. मला ज्यांनी शिकवलं, त्यांना तुम्ही घालवलंत."

"अगं, कौतुकच केलंय ना तुझं?"

त्याच संध्याकाळी पप्पांनी आणि मी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या.

मॅडमना हे सांगितलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "फ्लेक्स उतरवून काय मिळालं तुला? प्राजक्ताचा नंबर दे."

प्राजक्ताने फोन उचलला नाही, म्हणून मॅडमना बोलायचंय असा मी तिला मेसेज टाकला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, 'मॅडमना सांग, आता गणिताचं नावसुद्धा नको.'

मॅडमनी तो वाचला. फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "हुशार होती गं ती."