पाणचिऱ्याचा फोटो

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या त्रैमासिकात दुर्मीळ पक्ष्याची नोंद फोटोशिवाय छापत नाही. थापा फार येतात. हा नियम मी आणि काकांनी मिळून केला. काका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले शेजारी. दुर्बीण कशी धरायची ते मला त्यांनीच शिकवलं. आता काचबिंदूने त्यांची नजर जात चालली आहे.

या हिवाळ्यात ते सांगत आले, अभनपूरकडच्या तलावावर पाणचिरा पाहिला. नारिंगी चोच, खालची बाजू लांब, पाणी चिरत उडणारा. आमच्या तलावांवर हा कधी कुणाला दिसलेला नाही. मी फोटो मागितला.

"मले दिसला म्हणून सांगून राहिलो ना तुले. काहून छापत नाही?"

"काका, नियम तुमचाच आहे."

चहा तसाच टाकून ते निघून गेले. माझा जीव थाऱ्यावर राहिना. छापावं तर उद्या प्रत्येक हौशी दारात उभा. न छापावं तर पुढचा अंक वाचायला काकांचे डोळे असतील की नाही, कोण सांगणार? छापखानेवाल्याचा फोन यायचा, "दीदी, पन्ना कब भेजोगे?" मी त्याच्यावरही खेकसायचे.

मग रोज सकाळी स्कूटी काढून तलाव गाठायचा. बगळे, टिबुकल्या, कपडे धुणाऱ्या बायका. घरी प्रुफं पडलेली आणि मी इथे, म्हणून स्वतःचाच संताप यायचा. पान पाठवायच्या दिवशीही गेलेच, आणि तो आला. चोच पाण्याला लावून सरळ गेला, वळला, परत गेला. डोळ्यांवरची दुर्बीण काढवेना. मोबाईल हातात घेतला तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

तशीच काकांकडे गेले. "दिसला," मी दारातूनच म्हटलं.

"फोटो?"

"नाही." मला रडू येत होतं. "पण छापते. खड्ड्यात गेला नियम."

"नको छापू." ते खुर्ची चाचपत बसले. "पण तुले खरंच दिसला?"

मी चोच सांगितली, वळण सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले.

"मले वाटून राहिलं होतं, डोळ्यायनं फसवलं का काय," ते म्हणाले. मग त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.