रावजींसाठी घेतलेला गेम

महाडच्या कारखान्यात कामाला असलेल्या विनीतला सेल लागला की ऑनलाइन गेम घ्यायचा नाद होता. घेतलेले गेम तो कॉम्प्युटरवर प्रकारानुसार नीट लावून ठेवी. खेळणं मात्र राहूनच जाई. त्याच्या वडिलांची, रावजींची, उमेदीची वर्षं कशेडी घाटात ट्रक चालवण्यात गेली होती. त्यांच्यासाठी त्याने हौसेने ट्रकचा गेम घेतला.

"मला दाखव की रे," रावजी अधूनमधून म्हणत.

"रविवारी बसू, बाबा," म्हणत विनीतने कितीतरी रविवार नवे गेम घेऊन लावून ठेवण्यात घालवले. तोवर काचबिंदूने रावजींची नजर गेली.

आता विनीत गेममधला ट्रक चालवतो आणि रावजी शेजारी बसून आवाज ऐकतात.

"इंजिन दमतंय रे, गिअर उतरव," ते सांगतात.

विनीत गिअर उतरवतो. त्यांच्याकडे बघायचा मात्र त्याला धीर होत नाही.