तारामाशाची भरती

दारावरची पाटी म्हणते 'क्ष-किरण विभाग'. पण आजवर एकाही माणसाने त्यांना क्ष-किरणकाका म्हटलेलं नाही. पोरं म्हणतात 'फोटो काढायचाय', म्हणून ते फोटोकाका. आता डॉक्टरही तेच म्हणतात, आणि पगाराच्या कागदावरचं खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज कुणाला आठवत असेल तर शपथ. एकतीस वर्षं हा माणूस तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांची हाडं बघत बसलाय. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. फोटो काढायचा, वाचायचा नाही. वाचता येत नाही असं नव्हे हो, शिकाऊ डॉक्टर चष्मा पुसेपर्यंत काकांना कळलेलं असतं. पण सांगायचं काम डॉक्टरांचं. बाहेर बाकावर बसलेली माणसं काकांच्या तोंडाकडे टक लावून बघतात, म्हणून त्यांनी ते तोंड दगडी करून ठेवलंय.

मोठ्यांचं काम सोपं. 'श्वास घ्या, रोखा, सोडा', झालं. पोरांपुढे मात्र भल्याभल्यांचे हात टेकतात. 'हलू नकोस' म्हटलं की पोराला हलायची आठवण होते. गार प्लेट छातीला लागली की ते भोकाड पसरतं. हललं की फोटो पुसट, पुसट आला की पुन्हा काढा, आणि पुन्हा काढायचा म्हणजे त्या एवढ्याशा जिवात पुन्हा किरण सोडायचे. याचा काकांना मनापासून राग यायचा. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. खोली अंधारी, गार, गुणगुणणारी. मग हा समुद्राचा तळ का असू नये? आणि तळाशी राहतात दर्यावीर.

दर्यावीर म्हणजे काकांची सुपरहिरोंची टीम. जुन्या फिल्मच्या पिवळ्या पाकिटांवर मार्करने काढलेली, भिंतीला चिकटपट्टीने लावलेली. फुगेराव हा काटेरी मासा, छातीत हवा भरून गप्प राहतो आणि शत्रूला घाबरवतो. छातीच्या फोटोला तोच. तिरपेबुवा हा खेकडा, कुठेही आडवाच जातो. कुशीवर झोपून काढायच्या फोटोला त्याला बोलवायचं. कासवकाकू पाठीवर शिशाचं घर घेऊन फिरतात, म्हणून किरण अडवणारा जड एप्रन घालायला कुणी कुरकुर करायची नाही. आणि सगळ्यांची पुढारी काचमासळी, जिची हाडं बाहेरून दिसतात आणि तिला त्याची जराही लाज वाटत नाही. 'चल, तुला टीममध्ये भरती करतो,' असं काका म्हणायचे, आणि रडकं पोर एकदम ताठ उभं राहायचं. चित्रं म्हणाल तर दिव्य होती. कासवकाकू ही उलटी ठेवलेली कढई आहे असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

अशातच एक दिवस वकीलबाई आली. वय वर्षं आठ, दोन वेण्या, डावा हात उजव्या हाताने धरलेला. घसरगुंडीवरून पडल्याचं निमित्त झालं होतं, पण पडून दोन महिने झाले तरी दंड दुखतच होता. सोबत आई, ती कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानात कामाला, बोटांवर जुने चटके. पोरगी टेबलावर चढायच्या आधी भिंतीसमोर उभी राहिली.

"मासा तर पाण्यातच राहतो," ती म्हणाली. "मग फुगेराव श्वास रोखतो कशाला?"

आजवर एकाही पोराने हे विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "सवय म्हणून."

"हे काही उत्तर नाही," ती म्हणाली. तिथेच तिचं नाव वकीलबाई पडलं.

फोटो मात्र तिने एका झटक्यात दिला. पापणीसुद्धा हलवली नाही. काका काचेमागे गेले, बटण दाबलं, आणि पडद्यावर तिचा दंड उमटला. खांद्याखालचं हाड एका बाजूने कुरतडल्यासारखं, भोवती पांढरं, पिंजारलेलं. काकांना बघताक्षणी कळलं. तोंड मात्र सवयीने दगडीच राहिलं.

तासाभराने हाडांच्या डॉक्टरांनी वर बोलावून आईला काय सांगायचं ते सांगितलं. आई जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, आणि पोरगी तेवढ्यात सटकून खाली काकांच्या दारात हजर. चेहरा उजळलेला.

"काका, डॉक्टरांनी मला भरती केलं," ती म्हणाली. "आजपासून. मी कोण?"

आता बघा, शब्द तो एकच. डॉक्टरांची भरती वेगळी आणि काकांची वेगळी, हे आठ वर्षांच्या पोरीने कसं ओळखायचं? काकांनी सरळ सांगायला हवं होतं, 'अगं, ती भरती ही नव्हे.' पण समोर ते तोंड, डोळ्यांपुढे तो फोटो, आणि डोकं बधिर झालेलं. जिभेवर आलं ते बाहेर पडलं.

"तू तारामासा."

"तो काय करतो?"

"त्याचा हात गेला ना, तरी परत उगवतो."

बोलून गेले आणि काकांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. अजून कुणी हात जाणार असं म्हटलंही नव्हतं. पण तारामाशाबद्दल ते खोटं नाही, आणि ती तारामासा. वकीलबाईने लगेच जोडणी करून टाकली. पिवळ्या पाकिटावर तिने स्वतःच चित्र काढलं, पाच हातांचं, एका हाताला वेणी.

पुढचे महिने औषधांच्या बाटल्यांचे गेले. वेण्या गेल्या, भुवया गेल्या, वजन गेलं. अधूनमधून ती चाकाच्या खुर्चीतून छातीच्या फोटोला यायची आणि आल्या आल्या टीमचे नियम वाढवायची. मग एक दिवस हात कापायचं ठरलं. तिला सांगितल्यावर ती रडली नाही, हट्टही केला नाही. आई धावत खाली आली आणि तिने काकांचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू, काका. हसत गेली हो आत. म्हणाली, हात परत उगवणारच आहे."

काकांना ते आभार पचेनात. ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, सगळं कबूल केलं, म्हणाले, पोरीला खरं सांगा. डॉक्टर म्हणाले, जखम भरू दे, मग बघू. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, आईने सांगावं. आई म्हणाली, माझ्याने नाही होणार, तुम्हीच सांगा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती कुणी? घरी जेवताना बायको म्हणाली, "एकतीस वर्षं कुलूप होतं तोंडाला. नेमकी त्याच दिवशी किल्ली सापडली?" काकांनी ताट बाजूला सारलं. तिचंही काही चुकलं नव्हतं.

तीन महिने असेच गेले. रोज काका ठरवायचे, आज वॉर्डात जाऊन सांगू, आणि रोज जिन्यापर्यंत जाऊन मागे फिरायचे. भ्याड माणूस, दुसरं काय म्हणणार. मग ती घरी गेली, आणि काकांना सुटल्यासारखं वाटलं, त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

परवा ती तपासणीला आली. चिठ्ठीवर छातीचा फोटो लिहिलेला. डोक्यावर बोटभर नवे केस, डावी बाही पिनेने दुमडलेली. आईला तिने बाहेरच थांबवलं आणि दार स्वतः लावलं.

"हात येत नाहीये," ती म्हणाली. "मी रोज आरशात बघते."

काकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"येणार आहे का?"

"नाही," काका म्हणाले. एवढा एक शब्द काढायला त्यांना इतके महिने लागले होते. "माणसाचा नाही येत. मी थाप मारली, बाळा. चुकलं माझं."

"तुम्ही तेव्हा फोटोत बघितलं होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत."

"आम्ही सांगायचं नसतं. नियम आहे."

ती भिंतीवरच्या दर्यावीरांकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते, आवाज नव्हता. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग त्यांनी तिला प्लेटसमोर उभं केलं, काचेमागे गेले, म्हणाले, "श्वास घे. रोख."

तिने रोखला नाही. मुद्दाम जोरजोरात श्वास घेत राहिली. काकांनी बटणावरचा हात काढला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. फुगेरावाचं नाव घ्यायची त्यांची छाती झाली नाही. ज्या पोरीने पहिल्या दिवशी पापणी हलवली नव्हती, ती आज ऐकेना, आणि तिच्यापुढे टाकायला काकांकडे काहीच उरलं नव्हतं. फोटो तर हवाच होता. छातीत काही पसरलंय का, हे त्यातच कळणार होतं.

"वकीलबाई," ते अखेर म्हणाले, "काय केलं म्हणजे थांबशील?"

तिने नाक पुसलं. "यात जे दिसेल ते मला सांगायचं. पहिल्यांदा मला."

नियम, नोकरी, डॉक्टर, सगळं काकांच्या डोळ्यांपुढून गेलं. "सांगतो," ते म्हणाले.

तिने छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. काकांनी बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला, कुठेही पुसट नाही. उजव्या फुप्फुसात खाली, मसुराच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. वर आणखी एक. काकांनी डोळे मिटले आणि उघडले, ठिपके जिथल्या तिथे.

ती काचेमागे येऊन स्टुलावर चढली. "सांगा."

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा एक ठिपका आहे. हा दुसरा. कशाचे आहेत ते डॉक्टर सांगतील, मला नक्की नाही सांगता येणार. पण ते नसायला हवे होते."

"आधीच्यासारखंच?"

"मला तसंच वाटतंय."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दारापलीकडे बाकावर तिची आई बसली होती.

"तुम्ही बाहेर येऊ नका," वकीलबाई म्हणाली. "तुमचं तोंड बघून तिला कळेल. मीच सांगते."