रकान्याबाहेरची ओळ

मित्रांनो, सकाळी वाचलेली एक ओळ डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

बोईसरच्या आमच्या ऑफिसात किनाऱ्यावरच्या मासळीच्या, वह्यांतून उतरवलेल्या कित्येक वर्षांच्या नोंदी एक्सएमएल फाइलींमध्ये पडून आहेत. अभ्यासकांसाठी त्या कुठल्या डेटाबेसमध्ये ठेवायच्या, हे ठरवायला मी आज दोन डेटाबेस ताडून बघत होते. दोघांना एकच प्रश्न विचारला: कुठल्या दिवशी मासळी मोजली गेली नाही?

पहिल्याने क्षणात तारखा दिल्या. दुसरा रेंगाळला, पण एका तारखेसोबत रकान्याबाहेर लिहिलेला मजकूरही घेऊन आला: ‘जनार्दनची बोट आली नाय.’

ती नोंद चिंचणीच्या हिरामावशींची. त्या आमच्यासाठी बंदरावर मासळी मोजायच्या. दुपारी त्यांना फोन करून ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या,

“माझा सख्खा भाव व्हता तो. सापडलाच नाय. तुमी अजून ठेवलंय ते?”

“हो, मावशी.”

“मग पुसू नका.”

मी अहवालात दुसरा डेटाबेस सुचवला. “हळू चालणारा कशाला?” साहेबांनी विचारलं. मी ती ओळ दाखवली. त्यांनी सही केली.

पण सरावलीला घरी आल्यापासून मला काही सुचत नाहीये. गेल्या वर्षी केळव्याच्या नोंदी ‘साफ’ करताना रकान्यांत न बसणारं सगळं मीच उडवलं होतं. एकही ओळ वाचली नव्हती. मूळ वह्याही आता उरलेल्या नाहीत.

त्यात कोण कोण असेल? तुम्ही कधी असं काही न वाचताच पुसलंय का?