गाण्यांआधी लागलेला डिजिटल बोर्ड

आमच्या गल्लीच्या तोंडाला माझा डिजिटल बोर्ड, म्हणजे छापलेला फ्लेक्स, लागलता तेव्हा मी अकरावीत होतो आणि तोपर्यंत आयुष्यात काहीही जिंकलेलं नव्हतं. कोल्हापुरात बोर्डाला तसं मोठं कारण लागत नाही. वाढदिवस झाला, शर्यतीत म्हशीचा नंबर आला, कुणी पोलीस भरतीत पळून पास झालं, की लागला बोर्ड. माझ्या बोर्डाला मात्र कारण होतं. ते कारण खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक मी.

बोर्ड लावला दाजींनी. दाजी म्हणजे गल्लीतले गेम पार्लरवाले. मूळचे कबनूरचे. तिकडं पंधरा वर्षं कापडाच्या मागावर काम केलं, मग माग विकले गेले आणि ते बायकापोरांसकट सासऱ्यांच्या घराखालच्या गाळ्यात आले. सासऱ्यांच्या गल्लीत राहतात म्हणून शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणायचे. ऐकायला मान वाटतो, पण सासऱ्याच्या गाळ्यात बसतंय, पोरं बिघडवतंय, एवढं सगळं त्या एका हाकेत बसायचं. मागांच्या खडखडाटानं दाजींचे कान अर्धे गेलते, तरी टोमणा बरोबर ऐकू यायचा.

दिवाळी झाल्यावर त्यांनी नवीन गेम आणला. प्लास्टिकची गिटार. तिला तारा नाहीत, गळ्यावर पाच रंगीत बटणं. टीव्हीवर गाणं लागायचं आणि वरनं रंगीत टिकल्या घसरत खाली यायच्या. ज्या रंगाची टिकली खाली पोचेल त्या रंगाचं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हातानं तारांच्या जागची पट्टी मारायची. चुकलं की गिटार गप, नुसता ड्रम वाजत राहायचा, आणि मागं उभी असलेली पोरं तुमचा उद्धार करायची. तीसेक गाणी होती. सगळी इंग्रजी. त्यात माझ्या बँडचं एकही नव्हतं.

माझा बँड म्हणजे परदेशातली चार केसाळ माणसं. आतेभावानं त्यांची एक कॅसेट मला दिलती. शब्द एक कळायचा नाही, पण मला कळायची गरजही नव्हती. मी पहिल्यापासून नकल्या. वर्गात सर फळ्याकडं वळले की मी सर व्हायचो. एसटीचा कंडक्टर, आईचा मिक्सर, काकाची लुना, जे कानात गेलं ते तोंडातनं बाहेर. त्या कॅसेटमधली गिटारही मी तशीच उचलली, बोटं तारेवरनं घसरतात त्या करकरीसकट.

दाजी मला पार्लरमध्ये फुकट बसू द्यायचे ते याच्यावरच. तेव्हा लोडशेडिंग होतं. लाइट गेली की गिऱ्हाइकं उठायची. दाजी म्हणायचे, नकल्या, सुरू कर, आणि लाइट येईपर्यंत पोरं बसवून ठेवायचं काम माझं. एकदा अशीच लाइट गेल्यावर मी माझ्या बँडचं गाणं तोंडानं वाजवलं. दाजी हात थांबवून ऐकत बसले.

"चाळीस माग एकदम चालू झाल्यागत वाटतंय की रं," ते म्हणाले. "हे गेममधी का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट ऐकायला नेली ती परत दिली नाही. त्या दिवसापासून आम्हा दोघांना एकच हवं होतं. ती गाणी त्या गेममध्ये यायला पाहिजेत.

माझ्या बाकावरचा जोडीदार नेसरीचा. इथं बोर्डिंगला राहायचा. त्यानं सायबर कॅफेत बसून एक पान शोधून काढलं, तिथं जगातली पोरं आपल्याला कुठली गाणी पाहिजेत ते लिहीत होती. आम्हाला मागायची एकच रीत माहीत, रेडिओवरच्या फर्माइशीची. गाण्याचं नाव आणि खाली गाव आणि माणसं. रविवारी तो गावी जाऊन नावं गोळा करून आला. एकसष्ट. त्यात त्याची आज्जी होती, डेअरीचा सेक्रेटरी होता आणि एक पावणं होतं जे नुसतं चहाला आलतं. सगळी नावं आम्ही इंग्रजीत टाइप केली. वर डिअर सर, खाली युवर्स ओबिडियंटली.

चार दिवसांनी उत्तर आलं. तीन अक्षरं. एल, ओ, एल. जोडीदार बराच वेळ बघून म्हणाला की साहेबाची सही असणार, शॉर्टमधली. म्हणजे अर्ज पोचला.

पुढं काहीच झालं नाही. मी पार्लरमध्ये पाय ठेवला की दाजी विचारायचे, काय म्हणत्यात तुझं साहेब. आधी वाटलं खेचतायत. मग लक्षात आलं की खरंच विचारतायत. तीन महिने रोज. शेवटी मला ते विचारणंच नको झालं, आणि मी मला येतं तेच केलं.

स्टँडसमोरच्या पीसीओतनं दाजींच्या पार्लरला फोन लावला. जोडीदार शेजारी रुमाल तोंडात कोंबून उभा. मी आवाज काढला, अर्धा आमच्या इंग्रजीच्या सरांचा आणि अर्धा सिनेमातल्या विमानात सूचना देणाऱ्या माणसाचा. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी. कंपनीतनं बोलतोय. कोल्हापूरची अर्जी मिळाली.

पलीकडनं कचकन आवाज आला. दाजींची लोखंडी फोल्डिंगची खुर्ची. बसणारा उठला किंवा बसला की ती अशी वाजायची. दाजी उभे राहिले होते. सासरे गाळ्यात आले तरी दाजी त्या खुर्चीतनं उठायचे नाहीत.

"येस साहेब," दाजी म्हणाले. "पाठवा साहेब. पोरगं लई मागं लागलंय साहेब."

आत्ता ओळखतील, मग ओळखतील म्हणून मी पुढं पुढं बोलत गेलो. नवीन डिस्क येईल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. तुमच्या पार्लरला सगळ्यात आधी. दाजी येस साहेब म्हणत राहिले आणि माझ्याकडचं बोलायचं संपलं.

मी तसाच पार्लरला गेलतो, खरं सांगून हसायला. आत पाऊल टाकलं तर दाजींनी तोंडात पेढा कोंबला. भला मोठा, साखर लावलेला. तो गिळेपर्यंत त्यांनी शेजारच्या दोन दुकानांना आणि जिन्यावर उभ्या सासऱ्यांना सांगून टाकलं होतं.

सकाळी बोर्ड. वर हार्दिक अभिनंदन. मध्ये मी, माझा कॉलेजच्या फॉर्मवरचा फोटो म्हशीएवढा केलेला, नाकाखालची लव गल्लीच्या दुसऱ्या टोकावरनं दिसायची. खाली लिहिलेलं, यांच्या अथक पाठपुराव्यास यश, थेट कंपनीकडून गाणी दाखल होणार. उद्घाटन अमुक शनिवारी. सगळ्यात खाली शुभेच्छुकांमध्ये गॉगल लावलेले दाजी, आणि त्यांच्या शेजारी सासरे. मला माझ्या फोटोपेक्षा तोच जास्त टोचला. तोपर्यंत सासऱ्यांनी दाजींच्या शेजारी फोटो सोडा, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताट मांडू दिलं नव्हतं. ह्या बोर्डासाठी त्यांनी स्वतः फोटो काढून दिला होता, फेटा बांधलेला.

आमच्या गल्लीला एकच तोंड. मागं शाळेची भिंत. म्हणजे दूध आणायला जा, क्लासला जा, मला माझ्याच खालनं जावं लागायचं. मी मान खाली घालून जायचो, तर लोक म्हणायचे, बघा, एवढं करून पोरगं किती साधं हाय. आई गुरुवारी वाडीला जाऊन दत्ताला पेढे ठेवून आली आणि परतीच्या एसटीत प्रसाद वाटत आली. बाबा, ज्यांनी माझी नक्कल कधी दोन मिनिटं बसून ऐकली नव्हती, ते केस कापताना न्हाव्याला सांगत होते की आमच्यात चिकाटी पहिल्यापासून आहे. शेजारच्या खुर्चीत मी होतो, गळ्याभोवती कापड बांधलेला. हलताही येत नव्हतं.

जोडीदाराला म्हटलं, आपण सांगून टाकू. तो म्हणाला, आपण न्हवं, तू. आणि त्याच्या गावची जत्रा लागली, ती चांगली दहा दिवस चालली.

दाजी मात्र वेगळेच झालते. गाळ्याला रंग दिला. बाकं पुसली. टोमणा मारणाऱ्याला आता थांबवून सांगायचे, साहेबांचा मला फोन आलता, डायरेक्ट. माझ्यासमोर तो फोन त्यांनी इतक्यांदा सांगितला की साहेबाचा आवाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला यायला लागला. मी ऐकत बसायचो. कुठं हसायचं ते मला कळायचं नाही, आणि उठून गेलो तर चोरी दिसेल म्हणून उठायचोही नाही.

शनिवारच्या आधीच्या गुरुवारी मी एकटाच पीसीओत गेलो. ठरवलं होतं, साहेबानं घातलेला घोळ साहेबच निस्तरेल. तोच आवाज काढला. सॉरी, गाणी कॅन्सल झाली, तांत्रिक अडचण आहे.

खुर्ची आधीच वाजली होती, साहेब म्हटल्याबरोबर. पलीकडं दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग दाजी बोलले, आणि ते कधीच एवढं हळू बोलायचे नाहीत.

"साहेब, माझं सोडा. सासऱ्याला काय सांगायचं ते मी बघतो, मला सवय हाय. पर त्या पोराला तुमी सवता सांगा. माझ्या तोंडनं नको. लई गुणाचं हाय ते, साहेब. दिवसभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलतंय. ही एकच गोष्ट त्यानं सवताच्या आवाजात मागितलीया."

पीसीओच्या काचेच्या खोलीत पंखा नव्हता. मी तोंड उघडलं तर साहेब येईना. माझा आवाजही येईना. बाहेर एक माणूस काचेवर नाणं वाजवत होता, आटपा म्हणून.

"दाजी," मी म्हटलं. "मी हाय."

"मी कोण?"

"नकल्या."

दाजींनी विचारलं, "आणि साहेब?"

"साहेब न्हाईतच, दाजी."

खुर्ची पुन्हा कचकन वाजली. आता ते बसले होते. फोन त्यांनी आपटला नाही. नीट ठेवला.

शनिवारी मला वाटत होतं बोर्ड उतरवलेला असणार. होता तिथंच होता. दाजींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी गाळ्यात उभं राहायला जागा नाही, आई पहिल्या रांगेत, सासरे फोटोतला फेटा घालून आलेले. मला टीव्हीशेजारी उभं केलं. दाजी माझ्याकडं बघत नव्हते. आत्ता माझी फजिती करतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि करावी असंही वाटत होतं, म्हणजे सुटलो असतो.

सासऱ्यांनी नारळ फोडला. दाजींनी टीव्ही लावला, जुन्यातलंच एक गाणं सुरू केलं, एका पोराच्या हातात गिटार दिली आणि रिमोटनं टीव्हीचा आवाज पार बंद केला. टिकल्या मुक्यानं खाली यायला लागल्या.

"वाजीव," दाजी मला म्हणाले.

मी वाजवलं. माझ्या बँडचं पहिलं गाणं, तोंडानं. टिकल्या दुसऱ्याच गाण्याच्या, मी दुसऱ्याच. पोरगं गोंधळलं, मग टीव्हीकडं बघायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघून बटणं दाबायला लागलं. लोक हसले, मग टाळ्या. सासऱ्यांनी विचारलं की कंपनीचं गाणं कुठाय. दाजी त्यांना म्हणाले, हीच कंपनीची नवी सिस्टीम हाय, मामा. सगळ्यांना ही माझीच एक नवीन मस्करी वाटली, बोर्डासकट, आणि ती गल्लीला भारी आवडली. सासरे अर्धा तास बसले, बरं हाय म्हणाले आणि नारळाची एक वाटी घेऊन वर गेले. दाजींची इज्जत राहिली. ती त्यांनी स्वतः राखली.

मला मात्र थांबू दिलं नाही. कॅसेटची पहिली बाजू झाली. घसा बसला. मी पाणी मागितलं तर दाजींनी मान दुसरीकडं केली. आई कौतुकानं टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या बाजूला माझ्या तोंडातनं गिटार नव्हे, नुसता वारा येत होता, तरी ते म्हणाले, वाजीव.

उन्हाळ्याची ती सगळी सुट्टी मी रोज संध्याकाळी पाचला जाऊन वाजवलं. जाऊ नये असं रोज वाटायचं, आणि पाच वाजले की पाय तिकडंच जायचे. दाजी तेवढा एकच शब्द बोलायचे. नकल्या म्हणून त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही. बोर्ड पुढं सासऱ्यांच्या म्हशींच्या शेडवर गेला, छापलेली बाजू खाली करून. म्हशी वर बघत असतील तर अजून मी त्यांना दिसत असेन.

दोन वर्षांनी मी पुण्याला कॉलेजात होतो. एका दुकानात त्या गेमची नवीन डिस्क दिसली. मागं गाण्यांची यादी बारीक अक्षरात. त्यात माझा बँड होता. दोन गाणी, त्यातलं एक तेच, चाळीस मागांचं. मी दुकानाच्या दारातच मोबाइल काढला. आवाज नेहमीचा ठेवला, म्हणजे माझा नेहमीचा कुठला ते आठवून ठेवला.

"दाजी, मी बोलतोय. आली गाणी. खरंच आली. पाकिटावर छापलंय, माझ्या हातात हाय."

पलीकडं कुठल्यातरी गेममधल्या गोळ्या वाजत होत्या.

"येस साहेब," दाजी म्हणाले. "पाठवा साहेब."

मी मोबाइल कानाला घट्ट दाबून धरला. खुर्ची वाजली नाही.